लेखाच्या वेषातील जाहिरात व यंत्राची लेखणी



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी पुष्कळांना वाटले असेल की, मालाची जाहिरात कशी करावी ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या सभेत सांगावयाची आहे. कारकून, शिक्षक, कामगार आणि त्यांची शिकणारी मुले ह्यांच्यापुढे ती मांडून काय उपयोग? ह्या शंकेचे उत्तर मी प्रथमच देऊन टाकतो. विकणाऱ्याची रीत बदलली की विकत घेणाऱ्याला आपल्या रक्षणाची रीतही बदलावी लागते. ज्या घरात पहिला पदवीधर नुकताच झाला आहे किंवा अजून व्हावयाचा आहे, त्या घराला ह्याची गरज सर्वांत अधिक. कोणता अभ्यासक्रम घ्यावा, शिकवणीचा वर्ग कोणता निवडावा, शिक्षणाचे कर्ज कोठून काढावे, विमा कोणता उतरवावा, हे विचारण्यास त्या घरात जाणता वडीलधारा मनुष्य नसतो. घर मग मोबाइलला विचारते. मोबाइल जे उत्तर देतो ते कोणी लिहिले आणि कोणाच्या पैशाने लिहिले, एवढाच माझा आजचा विषय आहे.

माल विकत घ्या असे उघड न म्हणता ग्राहकाला उपयोगी पडेल असा मजकूर फुकट द्यावयाचा, त्यायोगे त्याचा विश्वास संपादन करावयाचा आणि तो विश्वास पुढे मालाकडे वळवावयाचा, ह्या धंद्याला आज ‘कंटेंट मार्केटिंग’ असे म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. अमेरिकेतील जॉन डिअर ह्या नांगर बनविणाऱ्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ नावाचे शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढले. फ्रान्समधील मिशलिन ह्या टायरच्या कंपनीने १९०० साली मोटार चालविणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढून ती फुकट वाटली. लोक अधिक फिरले की टायर अधिक झिजणार, हा त्यातला साधा हिशेब. १९३३ साली अमेरिकेच्या रेडिओवर साबणाच्या कंपनीच्या पैशाने ‘मा पर्किन्स’ नावाची कौटुंबिक मालिका सुरू झाली आणि अशा मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नावच पडले.

आपल्याकडेही हा प्रकार घडला आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे पुढे मराठीतील एक मोठे मासिक केले. त्याच १९२० सालच्या जानेवारीत बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. ह्या दोन पत्रांची जोडी माझ्या मनात नेहमी उभी राहते. पहिल्यामागे कारखाना होता. दुसऱ्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. तेव्हा जाहिरात ही केवळ पैशाची बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे एक उदाहरण ध्यानात ठेवावे. मजकूर लोकांपर्यंत पोहोचविण्याच्या दारावर कोणी तरी बसलेला असतो, आणि तो कोण आहे हे विचारावेच लागते. पुढे १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी वृत्तपत्राच्या धंद्याची तुलना साबण बनविण्याच्या धंद्याशी केली होती. साबणाच्या पैशाने रेडिओ बोलू लागल्यास तेव्हा दहा वर्षे झाली होती.

तरी त्या जुन्या व्यवहारात एक सचोटी होती, हे मी मान्य करतो. नांगरवाल्याच्या पत्रावर नांगरवाल्याचे नाव असे. वाचणाऱ्याला माहीत असे की हा मला शेतीचे ज्ञान देत आहे आणि त्याला आपला नांगरही विकावयाचा आहे. शिवाय लिहिण्यास खर्च पडे. शंभर लेख पाहिजेत तर लेखकांना शंभर लेखांचे पैसे मोजावे लागत. म्हणून खोटे लिहिण्यालाही एक मर्यादा राही. गूगलच्या शोधाचे युग आल्यावर ही मर्यादा सैल झाली. लोक काय शोधतात ते पाहून त्या शब्दांवर लेख लिहवून घ्यावयाचे, म्हणजे शोध करणारा आपल्या पानावर येतो, हाच बरीच वर्षे ह्या धंद्याचा मुख्य डाव होता. ‘दहावीनंतर काय करावे’ असे आपण शोधले असता जे लेख वर येत, त्यांतील कित्येक कोणत्या ना कोणत्या संस्थेची प्रवेशाची खिडकीच असत.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि लिहिण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. यंत्राच्या लेखणीने काय होते ते एका उदाहरणाने सांगतो. अमेरिकेतील सीनेट ह्या प्रसिद्ध प्रकाशनाने पैशाच्या व्यवहारावरील ७७ लेख यंत्राकडून लिहवून घेतले. जानेवारी २०२३ मध्ये ही गोष्ट उघडकीस आली, फेरतपासणी झाली आणि ७७ पैकी ४१ लेखांना दुरुस्ती जोडावी लागली. त्यांतील एक चूक आपण ऐकण्यासारखी आहे. दहा हजार डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाअखेर किती मिळकत होईल? आपल्या घरातील आठवीचा मुलगा सांगेल की तीनशे. यंत्राने लिहिले, दहा हजार तीनशे. मुद्दल आणि व्याज ह्यांतला भेदच त्याने मोडला. आणि हे लिहिले इतक्या शुद्ध, शांत, जाणत्या भाषेत की वाचणाऱ्याने शंका घेऊ नये. सावकाराच्या वहीतला खोटा आकडा निदान सावकाराच्या अक्षरात असे. ह्या आकड्याला अक्षरच नव्हते.

त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ ह्या अमेरिकन नियतकालिकाच्या संकेतस्थळावर मालाची परीक्षणे लिहिणारे काही लेखक अस्तित्वातच नाहीत असे आढळले. त्यांची नावे कल्पित होती आणि चेहऱ्यांची छायाचित्रे यंत्राने घडविलेली होती. प्रकाशकांनी ते लेख काढून टाकले, ज्या कंत्राटदाराने ते पुरविले होते त्याच्याशी करार संपविला आणि त्या कंत्राटदाराचे म्हणणे असे पडले की लेख माणसांनीच लिहिले होते. माझ्या दृष्टीने तो वाद गौण आहे. वाचकापुढे एक माणूस उभा केला गेला आणि तो माणूस नव्हता, एवढे पुरे आहे.

आता दुसरी बाजू पाहू, कारण विकणाऱ्याचा डाव एकट्या यंत्राने बदललेला नाही. ऐकणारेही बदलले आहेत. २०१६ साली जिओ आल्यापासून मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि जो वर्ग इंग्रजी पाने वाचीत नव्हता तो ग्राहक म्हणून बाजारात उभा राहिला. हा ग्राहक मराठी बोलतो, वाचतो त्याहून अधिक पाहतो व ऐकतो, आणि कंपनीच्या शब्दापेक्षा आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवतो. ह्यात त्याचा दोष नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कार्यालयाच्या दाराशी ताटकळत ठेवले गेले, त्यांनी कार्यालयापेक्षा शेजाऱ्याचे ऐकावे हे स्वाभाविक आहे. परंतु विकणाऱ्याने हे अचूक हेरले. म्हणून तो आता कंपनीच्या आवाजात बोलत नाही. तो आपल्या शेजाऱ्याचा चेहरा भाड्याने घेतो.

वाचन कसे कमी झाले ह्याचा एक विश्वसनीय आकडा आहे. गूगलने शोधाच्या वरच यंत्राने तयार केलेले आयते उत्तर दाखविण्यास मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात प्रारंभ केला. प्यू ह्या अमेरिकन संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधील तेथील लोकांचा वापर तपासला. आयते उत्तर दिसले तेव्हा शंभरांपैकी ८ वेळाच लोकांनी खालच्या एखाद्या दुव्यावर जाऊन मूळ पान पाहिले. ते दिसले नाही तेव्हा १५ वेळा. ह्याचा अर्थ असा की, लेख लिहून ग्राहकाला आपल्या पानावर आणण्याचा जुना डाव निम्म्याने बसला. त्यात भर म्हणजे मार्च २०२४ मध्ये गूगलनेच, शोधात वर येण्यासाठी ढिगाने पाडलेला निरुपयोगी मजकूर खाली टाकण्याचा नियम कडक केला. मग तो माणसाने पाडलेला असो वा यंत्राने.

मग विकणाऱ्याने काय करावे? तो आता आपल्या मालाचे नाव त्या आयत्या उत्तरातच यावे म्हणून खटपट करतो. म्हणजे दारावर बसणारा आता संपादक नाही. उत्तर देणारे यंत्र व त्याचा मालक तेथे बसले आहेत. दुसरे, तो लेख सोडून अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीकडे वळतो. तिसरे, तो व्हॉट्सॲपच्या गटात शिरतो, जेथे बोलणारे सर्व ओळखीचे असतात. आणि चौथी गोष्ट सर्वांत नवी आहे: एकच जाहिरात तो हजार रूपांत काढतो आणि प्रत्येकाला त्याच्या गावाच्या व भाषेच्या मापाने शिवून देतो.

ह्या चौथ्या गोष्टीचा नमुना आपल्याच देशात, २०२१ च्या दिवाळीत, लोकांनी पाहिला. कॅडबरीच्या जाहिरातीत शाहरुख खान ह्यांचा चेहरा व आवाज यंत्राने असा बेतला होता की, ते पाहणाऱ्याच्या भागातील किराणा, कपडे वा चपलांच्या लहान दुकानाचे नाव घेऊन तेथे खरेदी करा असे सांगत. टाळेबंदीत बुडालेल्या लहान दुकानदारांना असा नट आयुष्यात मिळाला नसता. नटाची संमती होती, उद्देश चांगला होता. मी त्या जाहिरातीस दोष देत नाही. परंतु वकील म्हणून मी एवढे पाहिले की, त्या दिवाळीत एक गोष्ट सिद्ध झाली: माणसाने न उच्चारलेले वाक्य त्याच्या मुखातून, त्याच्या आवाजात, हव्या त्या गावासाठी वदविता येते. संमती काढून घेतली की तेच साधन दुसऱ्या कामाला लागते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजला जाहीर इशारा द्यावा लागला की, आपले मुख्य अधिकारी आशिषकुमार चौहान अमुक शेअर घ्या असे सांगत असल्याच्या चित्रफिती बनावट आहेत. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग ह्यांना आपल्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले व न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. मोठ्या माणसाचा आवाज चोरीस गेला तर त्याला मोठे वकील मिळतात. त्या आवाजावर विश्वासून ज्याने भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे गुंतविले त्याला कोण मिळतो?

येथे एक गैरसमज होऊ देऊ नये. यंत्र मोडा असे मी सांगत नाही. मसाले व पापड करणाऱ्या बचत गटातील भगिनींना आपल्या मालाचे वर्णन मराठीत, हिंदीत व इंग्रजीत लिहून देणारा मनुष्य परवडत नव्हता. आज ते काम फुकट होते. ज्यांना जाहिरातीची जागा पैसे देऊनही मिळत नव्हती त्यांच्या हाती हे साधन आले, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र त्या भगिनींनीही आपल्या मालावर यंत्राकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२४ मध्ये बनावट अभिप्राय विकणे व विकत घेणे ह्यांवर बंदीचा नियम केला आणि यंत्राने रचलेले खोटे अभिप्राय त्यात स्पष्टपणे घातले.

आता कायद्याकडे येतो, कारण माझ्याजवळ आपणांस देण्यासारखे तेच आहे.

ज्याला हात नाहीत, सही नाही, मालमत्ता नाही, त्या यंत्राने फसविले तर दावा कोणावर लावावयाचा? ह्याचे उत्तर कॅनडातील एका निकालाने फार स्वच्छ दिले आहे. एका प्रवाशाची आजी वारली. त्याने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील उत्तर देणाऱ्या यंत्राला शोकप्रसंगीच्या सवलतीविषयी विचारले. यंत्राने सांगितले की, आता पूर्ण भाड्याचे तिकीट काढा व ९० दिवसांच्या आत सवलतीचा अर्ज करा. त्याने तसे केले. कंपनीने अर्ज फेटाळला. म्हणाली, प्रवासानंतर सवलत नाही, हे आमच्या दुसऱ्या पानावर लिहिलेले आहे. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातील दिवाणी लवादापुढे गेले तेव्हा कंपनीने असा पवित्रा घेतला की, ते यंत्र जणू स्वतंत्र व्यक्ती आहे व आपल्या बोलण्याला तेच जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने हा युक्तिवाद उडवून लावला. यंत्र हा कंपनीच्या संकेतस्थळाचाच भाग आहे. एका पानावर विश्वास ठेवावा आणि दुसऱ्यावर ठेवू नये हे ग्राहकाने कसे ओळखावे? कंपनीला सुमारे ६५० डॉलर भरपाई आणि वर व्याज व खर्च द्यावा लागला. रक्कम क्षुल्लक आहे. परंतु ज्याच्या दारात यंत्र बोलते तो त्याच्या बोलण्याला बांधलेला आहे, हे तत्त्व लाख रुपयांच्या फीलाही लागू पडण्यासारखे आहे. परदेशी लवादाचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतो हे खरे. पण त्यातील तर्क आपल्या आयोगापुढे मांडण्यास कोणाची आडकाठी नाही.

आणि आपला कायदा दुबळा नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० पासून अस्तित्वात आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादक व शिफारस करणारा ह्यांना दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार कलम २१ ने त्यास दिला आहे. शिफारस करणाऱ्या व्यक्तीस वर्षभर, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत, शिफारस करण्यास बंदी घालता येते. हा कायदा जाहिरात कोणी लिहिली हे विचारीत नाही. लेखणी माणसाची होती की यंत्राची, ह्याने दंड कमी होत नाही.

जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील एक नियम तर मराठी घरांनी पाठ करावा असा आहे. दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत त्यावरील अट लिहिली पाहिजे. ‘नोकरीची हमी’ हे मराठीत मोठ्या अक्षरांत आणि ‘अटी लागू’ची खरी हकिकत इंग्रजीत बारीक अक्षरांत, हा प्रकार नियमबाह्य आहे. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांनाही सांगितले की, पैसे, वस्तू वा अन्य लाभ घेतला असेल तर तसे सोप्या शब्दांत, शिफारशीच्याच भाषेत सांगावे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या तत्त्वांनी तेरा फसव्या क्लृप्त्या निषिद्ध ठरविल्या. ‘दोनच जागा उरल्या, दहा मिनिटांत फी भरा’ ही खोटी घाई त्यांत पहिलीच आहे.

शिकवणीच्या वर्गांविषयी नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळी तत्त्वे आली. त्यांचे कारण असे की, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यशस्वी झालेल्या उमेदवारांची छायाचित्रे कित्येक वर्ग लावीत आणि त्यांतील पुष्कळांनी तेथे केवळ मुलाखतीची फुकट तयारी केली होती ही गोष्ट झाकून ठेवीत. प्राधिकरणाने अशा अनेक वर्गांना दंड केला. आता यशस्वी उमेदवाराचे नाव वा छायाचित्र त्याच्या यशानंतर घेतलेल्या लेखी संमतीवाचून वापरता येत नाही, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला हे सांगावे लागते. माझ्याकडे येणारे पालक मला फलक दाखवितात, त्यावरील मुलांचे हसरे चेहरे दाखवितात. मी त्यांना एकच विचारण्यास सांगतो: ह्या मुलाने आपल्या येथे काय शिकले, किती महिने, आणि किती फी भरून? तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी मागा. खऱ्या वर्गाला ते देण्यास अडचण पडत नाही.

फसवणूक झालीच तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करा. ते मराठीतही करता येते. तेथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी दिल्लीत वा बंगळुरात असली तरी आपण जेथे राहता वा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याचा अधिकार २०१९ च्या अधिनियमाने दिला आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर दाखल करण्यास शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. माझ्या व्यवसायबंधूंना हे वाक्य आवडणार नाही, पण कायदा तसा आहे. मुदत दोन वर्षांची.

एक गोष्ट मात्र फी भरण्यापूर्वीच करावयाची आहे. जी जाहिरात हजार रूपांत निघते ती उद्या आपणांसच पुन्हा दिसेल असे नाही; ती आपल्यापुरतीच शिवलेली होती आणि उद्या उसवली जाईल. म्हणून ज्या क्षणी ती पाहून मन वळले त्या क्षणी पडद्याचे चित्र घेऊन ठेवा. तारीख, वेळ व पाठविणाऱ्याचे नाव त्यात दिसू द्या. यंत्राशी प्रश्नोत्तरे झाली असतील तर ती पूर्ण जतन करा, पैसे भरल्याची पावती त्याच जागी ठेवा. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा विद्युत् नोंदीबरोबर ती ज्या उपकरणातून आली त्याविषयीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा प्रकरण मिटेपर्यंत तो जुना मोबाइल विकू नका, बदलून नवा घेऊ नका, आणि मुलांना खेळण्यास देऊन त्यातील मजकूर पुसला जाऊ देऊ नका.